चित्रातून अक्षर झालं का? उरुकच्या पाट्यांवरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी सहावी-सातवीला इतिहास शिकवते. आधी चित्रं, मग चित्रलिपी, मग अक्षरं, असा जिना फळ्यावर काढला, तेव्हा एका मुलीने विचारलं, 'बैलाचं चित्र तर सगळ्यांना कळत होतं. मग कोणालाच न कळणाऱ्या रेघा कशाला काढायला लागले?' तिला काय सांगू? शाडूच्या मातीवर कीलाकार लिपीचा (मातीत दाबलेल्या खिळ्यांसारख्या खुणांची इराकमधली जुनी लिपी) एक तासही घ्यायचा आहे, तो कसा घेऊ? आणि या जिन्यावर सिंधू लिपी कितव्या पायरीवर दाखवायची?"

ताई, त्या मुलीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. तिच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत आहे, आणि तुमच्या जिन्यातही तीच आहे: लिहिणं म्हणजे बोलणं कागदावर उतरवणं, आणि सुरुवातीच्या माणसांना ते नीट जमत नव्हतं म्हणून ते चित्रं काढत होते. आपल्याजवळचा सर्वांत जुना आणि भरपूर पुरावा दक्षिण इराकमधल्या उरुक शहराचा आहे. तो वेगळंच सांगतो. तिथे पहिल्या पाट्या लिहिणाऱ्यांना बोलणं लिहायचंच नव्हतं. त्यांना कोठाराचा हिशेब ठेवायचा होता, आणि ते काम त्यांना उत्तम जमत होतं. बोलणं त्या पाट्यांत फार हळूहळू, मागच्या दाराने शिरलं.

हे उत्तर मेसोपोटेमियाचं, म्हणजे प्राचीन इराकचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. इजिप्तमध्ये लगेच दुसरी वाट दिसते. चीनमधल्या आन्यांगची भविष्य विचारायची हाडं साधारण इ.स.पू. 1250ची आहेत, पण त्यांवरची लिपी आपल्यासमोर येते तीच तयार होऊन, तिचं बालपण हाती लागलेलं नाही. त्यामुळे सगळ्या जगाला एकच जिना लावू नका. उरुकचं उदाहरण घ्यायचं कारण इतकंच की तिथल्या पायऱ्या खरोखर हातात घेऊन बघता येतात.

पाटीच्या आधी काय होतं, तिथून सुरू करू. पश्चिम आशियात इ.स.पू. 8000च्या सुमारापासून मातीच्या छोट्या गोट्या, शंकू, चकत्या सापडतात, मोजणीसाठी वापरलेल्या. इ.स.पू. चौथ्या सहस्रकात अशा गोट्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वरून दंडगोल मुद्रा, म्हणजे लाटण्यासारखा कोरीव शिक्का, फिरवायची पद्धत दिसते. इराणमधल्या सुसाला आणि सीरियातल्या हबूबा कबीराला असे गोळे मिळालेत. मुद्रा फिरवली की मधल्या मधे कोणी हात मारला तर कळणार. पण आत किती गोट्या आहेत ते बघायचं तर गोळा फोडायला हवा. काही गोळ्यांवर म्हणून बाहेरूनच तेवढ्या खुणा दाबलेल्या दिसतात. बाहेर खुणा आहेत तर आतल्या गोट्यांची गरज उरत नाही, आणि पोकळ गोळ्याऐवजी सपाट पाटी चालते. नुसत्या अंकांच्या अशा पाट्या मिळालेल्या आहेत.

इथवर ठीक. पण पुष्कळ लोकप्रिय लेखांत पुढे असं लिहिलेलं असतं की प्रत्येक गोटीच्या आकारातून पुढचं एकेक अक्षर जन्मलं. हे मुलांना सांगू नका. मेंढीचं चिन्ह वर्तुळात फुली असं आहे आणि तशा फुलीची चकतीही मिळते, म्हणून हे उदाहरण सगळीकडे फिरतं. अडचण अशी की पाट्यांवर मेंढ्या ढिगांनी नोंदलेल्या आहेत आणि तशा चकत्या मात्र फारच थोड्या. अंकांची परंपरा गोट्यांवरून आली हे पटण्यासारखं आहे. वस्तूंच्या चिन्हांबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

आता उरुक. तिथल्या एआन्ना नावाच्या मंदिर-परिसरात जर्मन उत्खननात सुमारे 5,000 पाट्या आणि तुकडे मिळाले. इ.स.पू. 3300 ते 3000 हा त्यांचा ढोबळ काळ. बहुतेक पाट्या कचऱ्यात आणि भरावात सापडल्या. काम संपलं की त्या फेकून दिलेल्या होत्या. ही बाब मुलांना जरूर सांगा, कारण त्यावरून पाटीची किंमत कळते. ती आपल्या दुकानातल्या बिलासारखी होती, जपून ठेवायच्या पोथीसारखी नव्हती. यातल्या साधारण 85 टक्के पाट्या हिशेबाच्या आहेत: सातू, बिअर, मेंढ्या, कापड, मासे, मजुरांचा शिधा. उरलेल्या जवळजवळ सगळ्या शब्दांच्या याद्या आहेत. राजाची आज्ञा, देवाची प्रार्थना, गोष्ट, पत्र यातलं काहीही नाही.

पाटी बघायची कशी? पुढच्या बाजूला रेघा मारून चौकटी पाडलेल्या असतात. एका चौकटीत एक नोंद: अंक, वस्तूचं चिन्ह, आणि बहुधा माणूस, हुद्दा किंवा खातं सांगणारी एकदोन चिन्हं. पाटी खालच्या कडेवरून उलटवली की मागे बेरीज. क्रियापद नाही, विभक्ती नाही. चौकटीतल्या चिन्हांचा क्रमसुद्धा पक्का नाही. ज्या कारकुनाने लिहिलं त्याला आणि त्याच्या वरच्याला 'दिले' की 'आले' हे पाटीच्या प्रकारावरूनच कळत होतं. आपल्याकडच्या किराणा-यादीत 'साखर 2 किलो' एवढंच असतं, 'आणा' हे कोणी लिहीत नाही. तसंच हे.

आणि चित्रं? पाट्यांवर सुमारे 900 वेगवेगळी चिन्हं आहेत. बैलाचं डोकं, मासा, कणीस, मडकं ही ओळखू येतात. पण वर्तुळातली फुली मेंढी कशी काय? तिच्यात मेंढीसारखं काहीच नाही. अशी ज्यांचं मूळ चित्र सांगताच येत नाही, ती चिन्हं पहिल्या दिवसापासून आहेत. म्हणजे 'आधी सगळ्यांना कळणारी चित्रं होती' हे त्या मुलीचं, आणि आपलंही, गृहीतकच कच्चं आहे. वाचायला तेव्हाही शिकावंच लागत होतं. हुद्द्यांची एक यादी तर उरुकच्या काळापासून पुढे हजारेक वर्षं जवळजवळ त्याच क्रमाने उतरवली जात होती, त्यातले बरेचसे हुद्दे कधीच बंद झाले असतानाही. घोकंपट्टी लिपीइतकीच जुनी आहे, हे मुलांना आवडेल.

अंकांवर जरा जास्त थांबतो. माझ्या मते सगळ्यात मोलाचं तिथेच आहे आणि शाळेत नेमकं तेच गाळलं जातं.

अंक कोरत नसत, दाबत असत. गोल टोकाचा बोरू तिरपा धरून दाबला की नखासारखी लांबट खाच उठते, ती एक. तोच बोरू सरळ उभा दाबला की गोल खड्डा, तो दहा. जाड बोरू तिरपा दाबला की मोठी खाच, ती साठ. मोठ्या खाचेत छोटा गोल, ते सहाशे. जाड बोरू उभा दाबला की मोठा गोल, तो 3,600. म्हणजे 137 लिहायचे तर दोन मोठ्या खाचा, एक छोटा गोल, सात छोट्या खाचा.

हे झालं मेंढ्या किंवा माणसं मोजताना. सातू मापायला लागलं की याच खुणांची किंमत बदलते. तिथे सहा छोट्या खाचांचा एक छोटा गोल होतो आणि दहा छोट्या गोलांचा एक मोठा गोल. जमीन मोजताना छोटा गोल म्हणजे अठरा खाचा. तोच खड्डा कधी दहा, कधी सहा, कधी अठरा! समोर वस्तू कुठली आहे ते बघून किंमत ठरवायची.

मुलांना हे विचित्र वाटेल, त्यांच्या आजोबांना वाटणार नाही. चार शेरांची पायली, पुण्याकडे बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. जमिनीला चाळीस गुंठ्यांचा एकर. आंबे डझनावर. 'चाळीस' ऐकलं की शेतकऱ्याच्या मनात एकर येतो आणि 'बारा' ऐकलं की आंबेवाल्याच्या मनात डझन. उरुकच्या कारकुनाचं डोकं असंच चालत होतं. संख्या वस्तूपासून सुटी झालेली नव्हती. 'पाच' असा एकटा, कशाचाही नसलेला आकडा त्याच्या कामाचाच नव्हता.

हे प्रमाण आपल्याला कसं कळलं? मागच्या बाजूच्या बेरजांवरून. पुढे एका नोंदीत चार खाचा आणि दुसरीत पाच, मागे बेरजेत एक गोल आणि तीन खाचा, तर नऊ वजा तीन, गोल म्हणजे सहा. भाषेचा एक शब्दही न वाचता ही पद्धत उलगडता येते, आणि प्रत्यक्षात ती तशीच उलगडली गेली. अभ्यासकांच्या हाती या पाट्यांतली सर्वांत भक्कम किल्ली हीच आहे. भाषा बहुधा सुमेरियन, म्हणजे दक्षिण इराकमधली तेव्हाची भाषा, असावी, पण पहिल्या पाट्यांपुरता त्याचा पुरावा तुटपुंजा आहे. गणित मात्र चोख.

जाता जाता एक. समाजमाध्यमांवर 'जगातलं पहिलं नाव कुशिम' अशी पोस्ट फिरते. ती पाटी खरी आहे: सुमारे 1,35,000 लिटर सातू, 37 महिने, आणि 'कु' व 'शिम' ही दोन चिन्हं. पण ती चिन्हं एखाद्या माणसाचं नाव आहेत की हुद्द्याचं किंवा खात्याचं, हे त्यावरून ठरत नाही. मुलांना 'बहुधा' हा शब्द शिकवायला ही पाटी उत्तम आहे.

मग आवाज कुठून आला? अडलेल्या जागेतून. मेंढी काढता येते, सातू काढता येतो. 'परत केले' कसं काढणार? 'आयुष्य' कसं काढणार? आणि माणसाचं नाव? हिशेबात नाव अडतंच.

मराठीत करून बघा. मुलांना सांगा, 'नाव' हा शब्द चित्रात दाखवा. कोणी तरी होडी काढेलच. होडी म्हणजे नाव, आणि नाव म्हणजे नाव. काढायला सोपी वस्तू घेतली आणि तिचा फक्त आवाज उचलला. सुमेरियनमध्ये असंच झालं. 'गि' म्हणजे बोरूचं रोप, आणि 'परत करणे' यालाही तसाच उच्चार, तेव्हा बोरू काढून 'परत' लिहिलं. 'ति' म्हणजे बाण, आणि जगणं-आयुष्य यालाही 'ति', तेव्हा बाण काढून आयुष्य. आपल्याकडे 'तीर' म्हणजे बाण आणि नदीचा काठही, म्हणून हे उदाहरण मराठी मुलांच्या लगेच लक्षात येतं.

इजिप्तमधलं उदाहरण तर आणखी देखणं. तिथल्या सुरुवातीच्या राजाचं नाव एका मिशाळ माशाने (आपला मांगूर ज्या गोतावळ्यातला) आणि एका पटाशीने लिहिलेलं आहे. मासा म्हणजे 'नर', पटाशी म्हणजे 'मेर': नरमेर. राजाचा ना माशाशी संबंध ना सुतारकामाशी.

या युक्तीने एक प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. आता होडी दिसली की होडी वाचायची की नाव? सुमेरियन कारकुनांनी यावर उपाय काढला तो म्हणजे न वाचायची चिन्हं. लाकडी वस्तूच्या आधी लाकडाचं चिन्ह, देवाच्या नावाआधी ताऱ्याचं, गावाच्या नावानंतर जागेचं. ती बोलायची नाहीत, नुसता इशारा करायचा. होडीच्या आधी लाकडाचं चिन्ह असेल तर ती खरी होडी. फळ्यावर 'नाव'ची दोन चित्रं काढा, एकीच्या आधी झाडाची खूण करा आणि दुसरीच्या आधी माणसाची. समजावून सांगायची गरजच पडत नाही.

आता वेळ बघा किती गेला. उरुकच्या पहिल्या पाट्या इ.स.पू. 3300च्या सुमाराच्या. त्याच भागातल्या ऊर शहराच्या इ.स.पू. 2800च्या आसपासच्या पाट्यांत आवाजासाठी वापरलेली चिन्हं वाढलेली दिसतात. शुरुप्पाक शहरात इ.स.पू. 2600च्या सुमारास साहित्य म्हणता येईल असं काही मिळतं, पण चौकटीतला चिन्हांचा क्रम तेव्हाही मोकळाच. लगाश या तिथल्याच शहराचा राजा एआन्नातुम, साधारण इ.स.पू. 2450, त्याच्या काळापर्यंत येऊन चिन्हं बोलण्याच्या क्रमाने बसू लागतात. म्हणजे मधे आठशे-साडेआठशे वर्षं. यादवांपासून आजपर्यंतचा काळ धरा, जवळपास तेवढा.

इतका उशीर का? गरज नव्हती म्हणून. कोठाराच्या कारकुनाला वाक्य लागत नाही. वाक्य लागतं ते दूर गेलेल्या, समोर नसलेल्या वाचकाला: शेजारच्या शहराला सीमेचा तंटा ऐकवायचा असतो तेव्हा, देवाला आपलं नाव कळवायचं असतं तेव्हा. आणखी एक धक्का भाषेने दिला. अक्कादियन ही सुमेरियनशी काहीही नातं नसलेली भाषा याच चिन्हांत लिहायची वेळ आली. तिच्यात शब्दाच्या पोटात बदल होतात, ते वस्तूच्या चिन्हाने दाखवता येत नाहीत. मग चिन्हांचा नुसता आवाज, 'बा', 'बि', 'बु' असा, वापरणं भाग पडलं. लिपी बऱ्याचदा पुढे सरकते ती परक्या भाषेसाठी उसनी घेतली जाते तेव्हा.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे. बैल का सोडला? माती आणि वेग, ही दोन कारणं.

ओल्या मातीत टोकदार काडीने वाकडी रेघ ओढली की माती पुढे ढकलली जाते आणि दोन्ही कडांना वरंबा उठतो. दुसरी रेघ पहिलीला छेदून गेली की पहिली बुजते. वर्तुळ तर हमखास फाटतं. म्हणून उरुकच्या थोड्या नंतरच्याच पाट्यांत वळणं कमी होऊन रेघा सरळ आणि तोकड्या होतात. पुढे ओढणंच बंद झालं. बोरूचं टोक कापून त्याचा कोपरा मातीत दाबायचा आणि उचलायचा. दाबल्यावर एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली खूण उठते, खिळ्यासारखी. म्हणून कीलाकार. बैलाचं डोकं मग चारपाच खिळ्यांचं झालं. बाहेरच्या माणसाला ते कळेनासं झालं खरं, पण बाहेरच्या माणसासाठी लिहीत कोण होतं? शिकलेल्या डोळ्याला चार खिळे पुरत. आपल्याकडे मोडी आली ती अशाच निकडीतून, बोरू कमीत कमी उचलावा म्हणून. मोडी न शिकलेल्याला ती लागत नाही, म्हणून दप्तरखान्यातल्या कारकुनाचं काही अडलं नाही.

याचा ताळा इजिप्तमध्ये मिळतो. अबायडोसच्या यू-जे नावाच्या थडग्यात इ.स.पू. 3200च्या आसपासच्या हाडाच्या आणि हस्तिदंताच्या दीडशेहून जास्त चिठ्ठ्या निघाल्या, एकदोन सेंटिमीटरच्या, बांधायला भोक पाडलेल्या. त्यांवर अंक आहेत, आणि प्राणी-पक्ष्यांची चिन्हं आहेत. पण तिथे पुढे दगडावरची चित्रं चित्रंच राहिली, थेट इ.स. 394 पर्यंत; फिलेच्या मंदिरात तेव्हाचा शेवटचा दिनांकित लेख आहे. दगड कोरायला वेळ होता आणि चित्राला मान होता. त्याच इजिप्तमध्ये पपायरसवर शाईने भरभर लिहिताना मात्र तीच चिन्हं वळणदार, घाईची झाली. एकच समाज, एकच लिपी, आणि दोन माध्यमांवर दोन रूपं. चित्राची खूण होणं हा प्रगतीचा नियम असता तर हे घडलं नसतं.

शुद्ध अक्षरांकडे नेणारी वाटही या जिन्याच्या वरच्या टोकाला नाही. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातल्या सेराबित अल-खादिम या फिरोजाच्या खाणीजवळ पेट्री या पुरातत्त्वज्ञाला 1905 मध्ये काही ओबडधोबड लेख मिळाले, आणि 1916 मध्ये गार्डिनर या इजिप्तच्या अभ्यासकाने त्यांतला 'बअलत' (स्वामिनी, देवी) हा शब्द लावला. तिथे पश्चिमी सेमिटिक (हिब्रूच्या गोतावळ्यातली भाषा) बोलणाऱ्या लोकांनी इजिप्शियन चित्रांचे आकार उचलले, त्यांचे आवाज सोडून दिले आणि आपल्या भाषेतल्या त्या वस्तूच्या नावाचा पहिला आवाज घेतला. बैल म्हणजे 'अल्प', म्हणून बैलाचं डोकं हा त्या शब्दाचा पहिला ध्वनी. घर म्हणजे 'बेत', म्हणून घर 'ब'. आपण 'क कमळाचा' म्हणतो तेच, उलट्या बाजूने. शेकडो चिन्हांऐवजी पंचवीस-तीस पुरली. आणि कीलाकार लिपी यानंतरही इ.स.च्या पहिल्या शतकापर्यंत चालूच होती, हे विसरू नका.

आता शाडूचा तास. चाळीस मुलांसाठी सात-आठ किलो कोरडी शाडूची पूड घ्या. किलोला साधारण 300 ते 350 मिली पाणी, पण हे मातीवर अवलंबून आहे, म्हणून पाणी एकदम ओतू नका. आदल्या रात्री मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. रात्रभरात ओल सगळीकडे सारखी होते आणि खडे हाताला लागतात. सकाळी पुन्हा मळा. प्रत्येकाला लहान संत्र्याएवढा, साधारण 200 ते 250 ग्रॅमचा गोळा. त्याची तळहाताएवढी, दीड-दोन सेंटिमीटर जाडीची पाटी थापायची. पातळ केली तर उलटवताना मोडते, फार जाड केली तर वाळताना मधे तडकते.

लिहायची वेळ ओळखायची खूण: बोट दाबल्यावर ठसा उठला पाहिजे, पण माती बोटाला चिकटता कामा नये. चिकटत असेल तर दहा मिनिटं थांबा. कडा भुरभुरत असतील तर उशीर झालाय, ओल्या हाताने पुसून घ्या. चुकलं तर ओल्या बोटाने घासून सपाट करायचं. तेव्हाचे कारकूनही असंच करत.

बोरू मिळाला तर उत्तम. नाहीतर बांबूची कामटी धारेने चौकोनी कापून तिचा एक कोपरा वापरा. आइसक्रीमची काडी गोल टोकाची असते, तिने खिळा उठत नाही, आधी टोक काटकोनात कापावं लागतं. अंकांसाठी पेन्सिलीचं मागचं टोक छोट्या खाचेला पुरतं आणि जाड मार्करचं बूड मोठ्या खाचेला.

पहिली दहा मिनिटं मुलांना टोकदार काडीने बैलाचं डोकं दहा वेळा ओढायला सांगा, घड्याळ लावून. चौथ्या-पाचव्या बैलाला वरंबे उठून काही ओळखू येईनासं होतं आणि मुलं आपणहून सरळ रेघा मारायला लागतात. तिथे थांबा आणि मग दाबायची पद्धत दाखवा. हा क्रम उलटा केला तर तास वाया जातो. खिळे नुसती नक्षी वाटतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे मुलं कामटी दाबून मग ओढतात. 'टेकव, उचल' असं तोंडाने म्हणत लिहायला लावा.

दुसऱ्या भागात वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला सातूची रीत शिकवा, सहा खाचांचा एक गोल, आणि पुढे दोन नोंदी, मागे बेरीज अशी पाटी लिहायला लावा. दुसऱ्या गटाला काहीही न सांगता ती पाटी द्या आणि गोलाची किंमत काढायला सांगा. नोंदींची बेरीज सहाच्या वर गेली पाहिजे, हे बघा, नाहीतर गोल येणारच नाही आणि कोडं सुटणार नाही. एकाच पाटीवरून उत्तर काढू देऊ नका, निदान तीन पाट्या लागू द्या. एका पाटीत बेरीज चुकलेली असू शकते. पहिल्या गटाला मुद्दाम एक चूक करायला सांगितलं तर आणखी बरं.

पाट्या सावलीत वाळवा, तीन-चार दिवस, रोज उलटवत. उन्हात ठेवल्या तर वरचा थर आधी आकसतो आणि पाटी वाकते. घरच्या चुलीत किंवा ओव्हनमध्ये भाजायचा मोह कोणाला होऊ देऊ नका. आत ओल राहिली तर वाफेने पाटी फुटते. मूळ पाट्याही बहुतेक नुसत्या वाळवलेल्याच असत. पुष्कळशा भाजलेल्या सापडतात त्या इमारतीला आग लागली म्हणून. सीरियातल्या एब्लाच्या राजवाड्यातल्या पाट्या तशाच टिकल्या.

राहिली सिंधू लिपी. ती जिन्यावर दाखवूच नका, बाजूला एक वेगळी चौकट काढा. चिन्हं सुमारे 400, लेखाची सरासरी लांबी पाच चिन्हांच्या आसपास. लेख उजवीकडून डावीकडे लिहिले जात, एवढं ठरवता आलंय, कारण जागा संपत आली की डाव्या टोकाला चिन्हं दाटीवाटीने बसवलेली दिसतात. पण मागच्या बाजूला बेरजा नाहीत, दोन भाषांत लिहिलेला एकही लेख नाही आणि भाषा कोणती तेही ठरलेलं नाही. उरुकला ज्या किल्लीने कुलूप उघडलं ती इथे नाहीच. म्हणून दर दोनचार वर्षांनी कोणी 'वाचली' म्हणालं की त्यांना एकच विचारायचं: तुमच्या पद्धतीने, तुम्ही आधी न पाहिलेला लेख दुसऱ्या माणसाने वाचला तर तोच अर्थ निघतो का?

मुलांना हे जवळचं वाटायला हवं असेल तर दैमाबाद सांगा, प्रवरेकाठचं, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिथल्या हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या थरात सिंधू चिन्हांची बटणासारखी मातीची मुद्रा आणि तशी चिन्हं असलेली खापरं मिळाली आहेत. वाचता येण्याजोगं महाराष्ट्रातलं जुनं लिखाण हवं असेल तर मात्र सोपाऱ्याचा अशोकाचा लेख किंवा नाणेघाट. नाणेघाटच्या लेखात यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांचे आकडे ओळीने दिलेले आहेत. शाडूवर तासभर खाचा मोजलेल्या मुलांना तो लेख कुठून वाचायला सुरुवात करायची ते सांगावं लागणार नाही.